इरकलीचं जाकीट

दिवाळीनंतरच्या गुरुवारी दुपारी बायकोनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि ती पडवीत येऊन बसली. मी पुस्तक वाचत होतो. आधणाचा आवाज ऐकून मी तिला हाक मारली. तिनं ओ दिली नाही. मी पुस्तक ठेवलं आणि उठलो.

त्याला आता वर्ष उलटून गेलं. ते पुस्तक मी अजून पुरं केलेलं नाही. पण आज लिहायचं आहे ते त्या दुपारबद्दल नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी मी भाचीच्या लग्नाला काय घालून गेलो, त्याबद्दल लिहायचं आहे. ती गोष्ट ऐकून लोक हसतात. हसू देत. मलाही आता हसू येतं, आणि हसू आलं की बरं वाटतं.

मी जोयड्याला हायस्कुलात भाषा शिकवतो आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळतो. घर कुंभारवाड्याच्या रस्त्याला आत आहे. सकाळी एक बस, संध्याकाळी एक. चुकली तर जीप, तीही नाही मिळाली तर चालत. आम्हाला मूल नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी रामनगरहून येऊन दोन वर्षं आमच्याकडे राहिली आणि जोयड्याच्या कॉलेजात शिकली. त्या दोन वर्षांत आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत झालं नसेल. मी मुळात कमी बोलणारा. बायको आणि भाची मात्र चुलीपुढे बसून तासन् तास बोलायच्या आणि मी पडवीतून ऐकायचो.

ग्रंथालयातली पुस्तकं दमट हवेनं उसवतात. ती मी घरी आणायचो. बायको जुन्या साड्यांच्या पट्ट्या कापायची, मी खळ शिजवून त्या पुस्तकांच्या पाठीला चिकटवायचो आणि मग ती दाभणानं शिवण घालायची. आमच्या शाळेतल्या अर्ध्या कपाटाला तिच्या साड्यांचे काठ आहेत. मुलं पुस्तक मागताना नाव सांगत नाहीत, ‘सर, ते तांबड्या काठाचं द्या’ म्हणतात.

तिच्या तेराव्याला काकी आली होती. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. ऐंशी ओलांडलेली आहे, पण रीतभातीत तिचा शब्द शेवटचा. निघताना पायरीवर थांबून ती म्हणाली, “वरीस फिरल्याबगर नवं कापड अंगाला लावू नको गा.” मी मान डोलावली. कुठून नवं कापड येणार होतं माझ्याकडे!

ते आलं चैत्रात. रामनगरच्या बसच्या कंडक्टरनं एक पिशवी आणून दिली. भाचीचं लग्न ठरलं होतं. पिशवीत पत्रिका होती आणि प्लास्टिकच्या कव्हरात अबोली रंगाचा कुर्ता. बहिणीनं चिठ्ठी घातली होती की सगळ्या काका-मामांनी एकाच रंगाचं घालायचं ठरलंय, फोटो बरे येतात.

आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिच्या पाठीशी उभा राहतो. त्यासाठी मुलीची आई आपल्या भावाला नवे कपडे करते आणि ते घालूनच त्यानं उभं राहायचं असतं. बहिणीला मी एकटाच भाऊ. आणि मला नवं चालत नव्हतं.

मी देवळाजवळच्या वळणापर्यंत चालत गेलो, तिथं रेंज मिळते. बहिणीला फोन लावला आणि सांगितलं की वर्ष झालेलं नाही, मी येत नाही, चुलत भावांपैकी कोणाला तरी उभा करा.

“अण्णा, तू काय बोलाय लागलास तुला कळतंय काय?” ती म्हणाली. “तू पाठीशी न्हाईस तर पोरगी बोहल्यावर चढायची कशी?”

“काकीनं सांगितलंय, नवं लावायचं नाही.”

“मग जुनं घाल.”

“जुना सदरा घालून उभा राहिलो तर लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील ते तिलाही ठाऊक होतं. मामानं आहेर घातला नाही म्हणजे बहीण-भावाचं बिनसलंय. मुलीच्या सासरी हे पहिल्याच दिवशी जायला नको.

हे सगळं खरं होतं, पण मी ते कारण म्हणून वापरत होतो. मला जायचंच नव्हतं. हॉलमध्ये चारशे माणसं, प्रत्येकजण हात धरून ‘कसं झालं?’ हा एकच प्रश्न विचारणार, आणि शेजारी ती नाही. नियम हाताशी होता म्हणून मी त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो होतो. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. आज लिहिताना सोपं वाटतंय.

चार दिवसांनी सकाळच्या बसनं भाची आली. एकटीच. लग्नाची घाई सोडून आली होती. पिशवी पडवीत टाकून सरळ स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून बघितले, कुठल्या डब्यात काय आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. चहा केला, दोन कप घेऊन बाहेर आली आणि मामीच्या जागेवर बसली. त्या जागेवर तोवर कोणी बसलं नव्हतं. मला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

“मामा, येत न्हाई म्हणं तू.”

“अगं, वर्ष...”

“वर्ष मला कळतंय. मला पण मामीचं वर्षच हाय.” तिनं कप खाली ठेवला. “तू जुनं घालून ये. फाटकं घालून ये. मामीची साडी नेसून ये बघ, खरं ये. पाठीशी दुसरा कोणतर उभारला तर मी मागं वळून बघत बसणार, तू कुठं म्हणून.”

आणि हसली. साडी नेसलेला मामा तिच्या डोळ्यांपुढे आला असावा. मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती कप विसळायला आत गेली.

संध्याकाळच्या बसनं ती गेल्यावर मी टेबलाजवळ बसलो. शाळेची तीन पुस्तकं दुरुस्तीला आणलेली तशीच पडून होती. एकाच्या पाठीवर बायकोनं लावलेली जुनी पट्टी होती, शिवण फक्त सुटली होती. मी ती परत घातली. माझे टाके वाकडे पडतात, पण पडले. आणि मनात आलं, शिवण आजची आहे म्हणून हे पुस्तक काही आजचं होत नाही. कापड जुनं ते जुनंच.

मला जे हवं होतं ते जुनं असायला हवं होतं आणि लग्नाचंही दिसायला हवं होतं. माझा स्वतःचा लग्नातला कोट केव्हाच कसरीनं खाल्ला होता. पण तिची लग्नातली साडी ट्रंकेत होती.

दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. वरच पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेली हिरवी इरकल होती, तांबड्या पदराची. मला आमचं लग्न आठवलं तेव्हा हिरवंच आठवलं. लग्नाचा फोटो एका पावसाळ्यात बुरशीनं गेला होता, त्यामुळे ताडून बघायची सोय नव्हती. पण हिरवं मला अगदी स्पष्ट आठवत होतं. खाली आणखी साड्या होत्या, विटकी जांभळी एक, दोन-तीन सुती. त्या आईच्या असतील असं समजून मी ट्रंक बंद केली.

जोयड्याला बसस्टँडच्या मागे एक शिंपी आहे. शाळेचे युनिफॉर्म तोच शिवतो. घरी कन्नड बोलतो, माझ्याशी मराठी. मी साडी काउंटरवर ठेवली आणि जाकीट शिवायचं आहे म्हणालो.

“कुणाला, सर?”

“मला.”

त्यानं चष्म्यावरून बघितलं. “इरकलीचं? जंट्सचं?”

“होय. लग्नाला.”

“बँडवाले वाटशीला, सर.”

“वाटू दे.”

मग मी त्याला कापड कोणाचं ते सांगितलं. त्यानं साडी हातात घेतली, दोन बोटांत घासून बघितली. “लई जपून ठेवल्याली दिसत्यात बाईंनी. खळ बी अजून गेली न्हाई.” मला अभिमान वाटला. तीस वर्षं सांभाळलेलं कापड आणि अजून कडक! “काप घालू नव्हं?” त्यानं विचारलं. “एकदा घातला की परत जोडता येत न्हाई, सर.”

मी म्हणालो, घाला. त्यानं साडी उलगडली, पदराचा भाग बाजूला घडी करून ठेवला आणि दुसऱ्या टोकाकडून कातरलं. मी बाहेर जाऊन बसच्या वेळा वाचत उभा राहिलो. त्या मला पाठ आहेत.

जाकीट मात्र सुंदर झालं. काठ त्यानं बटणांच्या दोन्ही बाजूंनी उभा उतरवला होता. न सांगता आतून एक खिसाही लावला होता. “चष्मा कायम हातात असतोय तुमचा,” तो म्हणाला, “आता ह्यात घाला.” उरलेलं कापड पदरासकट नीट बांधून दिलं. त्या खिशाबद्दल मी त्याचे आभार मानले नव्हते. इथं मानतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी रामनगरला पोचलो. अंगणात मांडव घातलेला होता, हळद लागून गेली होती, बायका काहीतरी वाटत होत्या आणि एकमेकींना चिडवत होत्या. काकी ओसरीवर अक्षतांचे तांदूळ निवडत बसली होती. बहिणीनं मला आतल्या खोलीत नेलं आणि कपडे टांगायला म्हणून माझी पिशवी उघडली.

जाकीट हातात धरून ती नुसती उभी राहिली.

“अण्णा, ह्ये कापड कुठलं?”

“तिची लग्नातली साडी. जुनं कापड आहे, त्यामुळे नियम मोडत नाही.” हे वाक्य मी बसमध्ये तयार करून ठेवलं होतं.

“तिच्या लग्नातली जांभळी होती.”

“हिरवी होती. मला आठवतंय.”

“हिरवा चुडा होता. साडी जांभळी. निऱ्या मी घातल्याल्या, मला म्हाईत न्हाई?” तिचा आवाज खाली आला. “ही वैनीनं गेल्या वर्षी खानापुरात घेतली, माझ्याम्होरंच. पोरीच्या वरातीला म्हणून. मामीकडची साडी, मीच देणार म्हणाली. कुणाला सांगू नको म्हणाली.”

मी पलंगावर बसलो. पाहुण्यांच्या बॅगांमध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात. मला एकदम शिंप्याचं बोलणं आठवलं. खळ अजून गेली नाही. कशी जाईल? साडी कधी नेसलीच नव्हती. मी कोरं कापड अंगाला लावायला निघालो होतो, आणि तेही भाचीचं, मामीनं तिच्यासाठी निवडलेलं, कापून. आणि ज्या बाईबरोबर तीस वर्षं काढली तिच्या अंगावर लग्नात काय होतं, तेही मला माहीत नव्हतं.

मी पिशवी उचलली. तीनची बस मिळाली असती.

ओसरीवर भाची काकीच्या शेजारी बसली होती, कानापर्यंत हळद. “मामा, आता कुठं?” ती म्हणाली. बहीण मागून जाकीट घेऊन आली आणि तिनंच सगळं सांगितलं. भाचीनं उठून जाकीट घेतलं. हळदीचे हात आहेत हे तिच्या लक्षातच नव्हतं. काठावरून बोट फिरवत राहिली.

“मामीनं ह्ये माझ्यासाठी घेतल्यालं?”

“व्हय गे,” बहीण म्हणाली.

“आणि मी कापलं,” मी म्हणालो. “आणि ते कोरं आहे. मला घालता येत नाही, आणि तुला नेसता येत नाही. माझं काही खरं नाही. चुलत भावांपैकी कोणाला तरी...”

“गप बस रे,” काकी म्हणाली. तांदळातून तिनं डोकं वर केलं नव्हतं. “येवढी बुकं वाचलास आणि येवढं ठावं न्हाई? दुसऱ्यानं अंगात घातलं की कापड जुनं हुतंय. तुझा काका गेला तवा माझं लुगडं वर्षभर जाऊ नेसून द्यायची. सकाळी ती नेसायची, सांजला मी. नवं म्हणून कुणी बोललं न्हाई.”

मग बहीण म्हणाली, “काकी, मग त्या अबोली कुर्त्याचं पण तसंच करता आलं असतं की!”

“आलं असतं.”

“मग तू सांगितलं न्हाईस ते!”

“इचारलं कोण?” काकीनं एक खडा उचलून अंगणात टाकला. “ह्यो फकस्त मान हालवतोय.”

तेराव्याच्या दिवशी पायरीवर मी खरोखर फक्त मान हलवली होती. एक प्रश्न विचारला असता तर कापड वाचलं असतं. अंगणातल्या बायका हसायला लागल्या आणि त्या हसण्यात मी पिशवी कधी खाली ठेवली ते कळलं नाही.

भाचीनं तोवर जाकीट अंगात घातलंसुद्धा होतं, हळदीच्या साडीवरून. तिला ते ढगळ होत होतं. “सांजपर्यंत न्हाई काढणार,” ती म्हणाली, “चांगलं जुनं करून देतो तुला.” आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, मुलांसारखं.

“पोलीस पाटलागत दिसतीस,” काकी म्हणाली.

“मग उरलेलं कापड?” मी विचारलं. विचारायला शिकलो होतो.

“पदर हाय नव्हं?” भाची म्हणाली.

“अख्खा आहे.”

“मग मला पदरच पायजे. मामीकडची साडी म्हणून काय अंगभर पायजे असतीय व्हय?”

दिवे लागायच्या वेळेला तिनं जाकीट काढून दिलं. डाव्या खिशाजवळ हळदीची दोन बोटं उमटली होती.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारात नवऱ्याकडचे आणि आमच्याकडचे मिळून अकरा पुरुष अबोली कुर्त्यात उभे होते. मी पांढरा धुतलेला सदरा आणि वर ते जाकीट. दोघातिघांनी बघितलं, एकानं दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं. मी चष्मा आतल्या खिशात ठेवला, त्यामुळे मला त्यांचे चेहरे तसेही नीट दिसत नव्हते.

फोटोग्राफरनं सगळ्यांना रांगेत लावलं आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, “काका, तुम्ही जरा बाजूला ऱ्हाता? कलर मॅच होईना.”

“ते माझे मामा,” भाची मागून म्हणाली. “ते मधी. बाकीच्यांना सरकवा.”

तिच्या शालूवरून खांद्यावर इरकलीचा तांबडा पदर शेल्यासारखा घेतलेला होता. बहिणीनं सकाळी त्याला दोरा मारला होता. फोटोग्राफरनं एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. कापड एकच आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं बाकीच्यांना सरकवलं.

मग मी तिला हाताला धरून बोहल्यावर आणलं आणि तिच्या पाठीशी उभा राहिलो. समोर अंतरपाट, वर अक्षता. ज्या गोष्टीची मी इतके दिवस धास्ती घेतली होती ती झालीच नाही. शेजारी ती नाही, हे जाणवत होतं, पण ते एकट्यानं जाणवण्यासारखं नव्हतं. भाचीच्या खांद्यावर तिनं निवडलेला पदर, माझ्या अंगावर तिनं निवडलेला काठ. चारशेपैकी कितीजणांनी हात धरून तो प्रश्न विचारला ते मी मोजलं नाही. बहुतेकांनी आधी जाकिटाबद्दलच विचारलं. कापड कुठलं म्हणून. त्यांना सांगता सांगता तिच्याबद्दल सांगून झालं, आणि ते मला बोलता आलं.

एका मंगलाष्टकाच्या मधे भाचीनं खरोखर मागं वळून बघितलं. मी होतो.

घरी आल्यावर मी ट्रंक परत उघडली आणि तळातली ती विटकी साडी बाहेर काढली. उजेडात नेली. जांभळी होती. निऱ्यांच्या जागी घड्या पक्क्या बसलेल्या होत्या आणि पदराच्या कोपऱ्याला मुंडावळीच्या दोऱ्याचा एक धागा अडकलेला होता. माझी आठवण बरोबर असती तर त्या दिवशी शिंप्याच्या काउंटरवर मी हीच ठेवली असती, आणि घाला काप म्हणालो असतो. चुकलो म्हणून ती वाचली. असं चुकण्याबद्दल कोणाचे आभार मानायचे ते मला कळत नाही, म्हणून सगळ्यांचेच मानतो.

वर्ष फिरलं तेव्हा काकीनं निरोप पाठवला की आता नवं लावायला हरकत नाही. मी अबोली कुर्ता एकदा घालून शाळेत गेलो. मुलं काही बोलली नाहीत.

जाकीट खुंटीला आहे. हळदीची दोन बोटं धुऊन गेली नाहीत. जांभळी साडी ट्रंकेत आहे, आणि ती अख्खी आहे.